तीन नंबरमधला चारचा शो

लोकेश तांबेला सिनेमा बघायची फारशी हौस नव्हती, पण कुठला सिनेमा कोण बघायला येईल हे त्याला बरोबर कळायचं. मिरा रोडच्या एका मॉलमध्ये चौथ्या मजल्यावर चार पडद्यांचं थिएटर होतं, तिथे तो मॅनेजर होता. कुठल्या पडद्यावर कुठला सिनेमा, किती वाजता, हे दर मंगळवारी तो ठरवायचा आणि अंधेरीच्या हेड ऑफिसला पाठवायचा. तिथल्या सुरुची मॅडम त्यात क्वचितच काही बदलत. "लोकेश को सब पता है," असं त्या मीटिंगमध्ये म्हणायच्या.

आणि ते खरंच होतं. पर्युषणात आपल्याकडचे जैन प्रेक्षक आठ दिवस फिरकत नाहीत, हे त्याला ठाऊक होतं. नवरात्रात नऊ रात्री संध्याकाळचे शो ओस पडतात, कारण अख्खं भाईंदर गरब्याला असतं; पण दुपारी तीनला कॉलेजची पोरं हमखास येतात. रमझानात नयानगरचा प्रेक्षक थांबतो आणि ईदच्या दुसऱ्या दिवशी चारही पडदे कमी पडतात. गणपतीत मराठी सिनेमा लावूच नये, बघणारे रत्नागिरीला गेलेले असतात. दहावी-बारावीच्या परीक्षा, गुजराती नाटकांचे प्रयोग, कॉम्प्लेक्समधली लग्नं, सगळं त्याच्या डोक्यात असायचं. तो खारीगावात वाढलेला. वडील स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॉलिशला होते. आजूबाजूला सगळ्या जातीधर्माची, सगळ्या भाषांची माणसं. कोण कधी रिकामं असतं आणि कोण कधी खर्च करतं, हे त्याला लहानपणापासून बघून बघून पाठ झालं होतं.

गेल्या वर्षी हेड ऑफिसने प्रत्येक थिएटरकडून आपापल्या प्रेक्षकांचा अहवाल मागवला. लोकेशने चौदा पानं लिहिली. सेक्टरवार, भाषेवार, वयावार. त्यात एक ओळ अशी होती : 'उत्तन, पाली, चौक हा किनाऱ्याचा पट्टा : ऑनलाइन बुकिंग जवळजवळ शून्य. प्रेक्षक म्हणून धरू नये.' ती ओळ लिहायला त्याला अर्धं मिनिटही लागलं नव्हतं.

'वलांडी' नावाचा मराठी सिनेमा त्याच्याकडे आला तो असाच, कुणीतरी गळ घातल्यावर. बोंबील वाळत घालायला किनाऱ्यावर बांबूची मांडणी करतात, तिला वलांडी म्हणतात. नीरज नावाच्या एका तरुण दिग्दर्शकाने दोन वर्षं उत्तन-पालीत राहून तो केला होता. मोठा नट नाही, गाणी नाहीत. गावातलीच माणसं घेतलेली. नीरज स्वतः थिएटरवर येऊन लोकेशला भेटला होता.

"सर, एक शो द्या. फक्त एक. ज्यांच्यावर केलाय ते तुमच्या हद्दीत राहतात."

"देतो," लोकेश म्हणाला. "पण खरं सांगू का, ते लोक थिएटरला येत नाहीत."

त्याने तीन नंबरच्या लहान पडद्यावर दुपारी चारचा शो दिला. शुक्रवारी पाच तिकिटं गेली.

शनिवारी सकाळी काउंटरवरची मुलगी चहाला गेली होती तेव्हा फोन वाजला. लोकेशनेच उचलला.

"थेटर काय?" पलीकडून वयस्क बाईचा आवाज आला. मागे कोंबडं आरवत होतं.

"हो, बोला."

"ती वलांडी पिच्चर हाय ना तुमच्याकडं? उद्या चारला?"

"आहे ना, मावशी."

"आमी पालीवरनं बोलतंव. बरीच मानसा हाव. तिकिटा आदी काढायला लागतील काय? मोबाइलवरचा आमाला जमत न्हाय."

लोकेशला हसू आलं. "काही गरज नाही हो. हॉल रिकामाच असतो. सरळ या, काउंटरवर घ्या."

"नक्की ना? सगली गाडी करून येनार."

"नक्की, मावशी. तुमच्यासाठीच लावलाय."

त्याने फोन ठेवला. बरीच माणसं म्हणजे पाच-सहा, असं त्याच्या मनाने परस्पर ठरवून टाकलं.

दुपारी सुरुची मॅडमचा फोन आला. रविवारी क्रिकेटची फायनल होती, आणि भारत खेळणार होता. मोठ्या पडद्यावर सामना दाखवायची परवानगी कंपनीला नुकतीच मिळाली होती.

"दोन नंबर तर देच," त्या म्हणाल्या. "अजून एक स्क्रीन लागेल. लोड येणार. कुठली देतोस?"

"तीन नंबर देता येईल. तिथे चारला तो मराठी आहे."

"ॲडव्हान्स किती आहे त्याला?"

लोकेशने समोरच्या स्क्रीनवर बघितलं. "झीरो."

"मग काय प्रश्नच नाही. कोणी येणार नाही ना? नंतर भांडण नको."

त्या क्षणी त्याला फोनवरचा तो आवाज आठवला. अगदी स्पष्ट आठवला. पुढचे दोन-तीन दिवस तो स्वतःला सांगायचा प्रयत्न करत होता की आपण विसरलो होतो. पण विसरला नव्हता. पाच-सहा बायका आल्याच तर दुसऱ्या सिनेमाचे पास देऊ, असा विचार त्याने केला होता.

"नाही मॅडम," तो म्हणाला. "कोणी येत नाही."

रविवारी सामना अडीचला सुरू झाला. लॉबीत निळ्या जर्सी, गालांवर तिरंगे, पिपाण्या. सव्वातीनला दारावरचे खंडूमामा वर आले. ते मराठवाड्यातले, थिएटर सुरू झाल्यापासून दारावर उभे असायचे.

"साहेब, जरा खाली या. लई माणसं आल्यात. दोन बस भरून. नटूनथटून आल्यात."

लोकेश खाली गेला. मॉलच्या दाराशी शाळेच्या दोन मिनीबस उभ्या होत्या. सरकत्या जिन्याशी गर्दी थबकली होती, कारण म्हाताऱ्या बायकांना त्यावर पाय टाकायची भीती वाटत होती आणि तरुण सुना त्यांचे हात धरून एकेकीला चढवत होत्या. केसांत अबोलीच्या वेण्या, अंगावर ठेवणीतलं सोनं. काहीजणी चर्चमधून परस्पर आल्या होत्या, त्यांच्या अंगावर फ्रॉक होते. पुरुषांच्या शर्टांना कडक इस्त्री. विठूबाबा म्हणून एक ऐंशीच्या पुढचे गृहस्थ काठी टेकत मध्ये उभे होते. सिनेमात जी होडी होती ती त्यांची, असं कुणीतरी आपणहून लोकेशला सांगितलं.

सगळ्यांच्या पुढे एक ठेंगणी, काळीसावळी, साठीची बाई होती. मनोरमा. आवाजावरून त्याने लगेच ओळखलं.

"तू काय मॅनेजर? कालच्याला फोनवर तूच होतास ना?" ती हसत म्हणाली. "आयलो बग आमी. चौसष्ट हाव. आता भांगाचे दिस हायत, होडी बाहेर जात न्हाय, म्हनून सगली गावली. उधान असता तर एक बी बाप्या आला नसता." मग जरा लाजून, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "मी हाय पिच्चरमदी. दोन वाक्या बोलतंय."

भांग म्हणजे लहान भरतीचे दिवस. पाण्याला ओढ नसते, समुद्रात रोवलेल्या डोलीच्या जाळ्यात मासा येत नाही, म्हणून होड्या किनाऱ्याला असतात. पंधरा दिवसांतून एकदा. पर्युषणापासून ईदपर्यंत सगळं तोंडपाठ असलेल्या लोकेशला हे माहीत नव्हतं. मिरा-भाईंदरमध्ये जन्म काढून माहीत नव्हतं.

आणि त्याच वेळी त्याला हेही दिसत होतं की दोन नंबरमध्ये भरपूर जागा आहे. तीन नंबरमध्ये सामना बघणारे थोडेच बसलेत, हे तो मघाशी डोकावून बघून आला होता. त्यांना उठवून शेजारी बसवायचं आणि चारला सिनेमा सुरू करायचा. पंधरा मिनिटांचं काम. पण सामना रंगात आला होता. जर्सीवाले वाद घालणार, पैसे परत मागणार, मोबाइल काढून व्हिडिओ करणार. सुरुची मॅडमना फोन करून सांगावं लागणार की मी काल चुकीचं बोललो.

"मावशी, काय सांगू," त्याच्या तोंडून निघालं. "मशीन बिघडलंय. तीन नंबरचं. सकाळपासून बंद आहे."

इतकं सहज निघालं की त्याचं त्यालाच आश्चर्य वाटलं.

गर्दीत मागे मागे बातमी गेली. मशीन बिघडला. काय? मशीन. कुणी चिडलं नाही. कुणीतरी चिडलं असतं तर बरं झालं असतं. मनोरमाने त्याच्या दंडाला हात लावला.

"यंत्रच हाय, बिघडाचाच. आमच्या होडीचा इंजिन भर दर्यात बंद पडतंय. तुजा काय दोष त्यात? दुरुस्त व्हायला किती येल लागंल?"

"आज नाही होणार."

तेवढ्यात वरून प्रचंड आरडाओरडा ऐकू आला. विकेट पडली असावी. मनोरमाची सून, रसिका, जिन्याच्या वरच्या टोकाला होती. तिने वळून विचारलं, "हा आवाज तीन नंबरमधून येतोय ना?"

"नाही नाही, दोन. तिथलं मशीन वेगळं आहे."

रसिका त्याच्याकडे बघत राहिली.

लोकेशने सगळ्यांना दुसऱ्या हिंदी सिनेमाचे पास देऊ केले. मनोरमाने विचारून बघितलं, पण कुणालाच तो नको होता. "आमी आपला बघायला आयलो," विठूबाबा म्हणाले. मग वर पोचलेल्या एका पोरीच्या लक्षात आलं की थिएटरच्या स्वच्छतागृहाच्या वाटेवर, कोपऱ्यात, 'वलांडी'चं पोस्टर लावलेलं आहे. लगेच सगळे तिकडे गेले. पोस्टर लहान होतं. चौसष्ट माणसं त्याच्या दोन्ही बाजूंना रांगा करून उभी राहिली, म्हाताऱ्या पुढे बसल्या. टॉयलेटला जाणारे जर्सीवाले "साइड प्लीज, साइड" करत त्यांच्यामधून वाट काढत होते.

"ए मॅनेजर, तू बी ये," मनोरमाने हाक मारली. "तू आमाला शो दिलास."

"नको मावशी, मला काम..."

"ये रे!"

तो गेला. तिने त्याला ओढून आपल्या शेजारी उभं केलं. कुणीतरी फोटो काढला. पुन्हा एकदा काढला, कारण पहिल्यात लोकेशने मान खाली घातली होती.

पावणेचारला बस निघून गेल्या.

रात्री हिशेब आला तेव्हा कळलं की तीन नंबरमध्ये सामन्याला अडतीस माणसं होती. कॉम्प्लेक्समधल्या जवळजवळ प्रत्येक सोसायटीने आपापल्या आवारात पडदा लावून सामना फुकट दाखवला होता. हे त्याला आधीच कळायला हवं होतं. दुसऱ्या कुणी अशी चूक केली असती तर त्याने हसून दाखवली असती. अडतीसच्या अडतीस जण दोन नंबरमध्ये मावले असते आणि वर जागा उरली असती.

सोमवारी सुरुची मॅडमचा मेल आला. सगळ्या थिएटरांना एकच. मराठी सिनेमांचे रविवारचे आकडे, त्यात रद्द केलेला शोही धरलेला, आणि खाली : 'मिरा रोड शून्य. लोकेशच्या अहवालाप्रमाणेच. पुढच्या तिमाहीत तिथे लहान मराठी सिनेमे नकोत.' वितरकाने तोच शून्य धरून ठाणे आणि विरारचेही शो गुरुवारपासून बंद करायचं ठरवलं. संध्याकाळी नीरजचा फोन आला. आवाज थकलेला होता.

"सर, मनोरमाताई म्हणाल्या मशीन बिघडलं. काय नशीब बघा. एवढी माणसं आली होती ती आकड्यात दिसलीच नाहीत."

"हो," लोकेश म्हणाला.

घरी त्याची आई, प्रभावती, मोबाइलवर फोटो बघत बसली होती. फोटो फिरत फिरत खारीगावातल्या कुठल्याशा महिला मंडळाच्या ग्रुपवरही आला होता.

"तू आहेस की रे यात! केवढी माणसं आलीत तुझ्या थेटरात. कसली नटलीत बघ." मग तिने फोटो मोठा केला. "तोंड का असं केलंयस? कुणी मेल्यासारखं?"

लोकेशने तिला सांगितलं. आधी मशीनचं सांगितलं, मग खरं. सांगताना तो बूट काढत होता आणि नाडीची गाठ त्याला सुटत नव्हती. आईने फोन बाजूला ठेवला. ती चिडेल असं त्याला वाटलं होतं. ती एवढंच म्हणाली, "आम्ही एकदा तुझ्या बाबांच्या कारखान्यातल्या पार्टीला गेलो होतो. तू लहान होतास. दारावरच्या माणसाने सांगितलं, जेवण संपलं. आत लोक जेवत होते, दिसत होते आम्हाला. बाबा त्याला म्हणाले, बरं बरं, आम्ही जेवूनच आलोय." थोड्या वेळाने ती उठली. "वाढते मी. हात धू."

त्याने हात धुतले.

बुधवारी त्याची सुट्टी होती. तो स्कूटरवरून पालीला गेला. उत्तनच्या पुढे गल्ल्या इतक्या अरुंद होतात की समोरून दुसरी स्कूटर आली की एकाला भिंतीला टेकावं लागतं. तो तसा दोनदा टेकला. मनोरमाचं घर विचारताच लोकांनी दाखवलं. "पिच्चरवाली काय? ती काय तिकडं खाली."

ती किनाऱ्यावर बोंबील वाळत घालत बसली होती. दोन बोंबील घ्यायचे, एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवायचा आणि जोडी बांबूवर टाकायची. रसिका बाजूला टोपली घेऊन उभी होती. लोकेशला बघून मनोरमाचा चेहरा फुलला.

"झाला काय मशीन दुरुस्त?"

तो वाळूत तसाच उभा राहिला.

"मावशी, मशीन बिघडलंच नव्हतं. तीन नंबरमध्ये मॅच लावली होती. मी लावली. तुमचा फोन आला होता तरी लावली. मला वाटलं पाच-सहा जण असाल."

मनोरमाचे हात थांबले नाहीत. एक जोडी झाली, ती बांबूवर गेली. दुसरी घेतली.

"मॅचला किती मानसा होती?"

"अडतीस."

"आम्ही चौसष्ट होतो," रसिका म्हणाली.

"माहीत आहे."

"मला तेव्हाच कळलं होतं," रसिका म्हणाली. "मी आईंना बोलले पण बसमध्ये. त्या म्हणाल्या, असं नसतं बोलायचं, पोरगा भला आहे."

मनोरमाने मान वर केली. "त्या अडतीस जनांना दुसरीकडं बसवता आला नसता?"

हा प्रश्न कुणीच विचारला नव्हता. सुरुची मॅडमनी नाही, नीरजने नाही, आईनेही नाही.

"आलं असतं," लोकेश म्हणाला. "मला तेव्हाच सुचलं होतं."

शेजारच्या वलांडीवरच्या बायका इकडे बघायला लागल्या होत्या. त्यातल्या एकीने हात हलवला; ती फोटोत त्याच्या मागे उभी होती.

"मशीन बिघडला होता तेच बरा होता रे," मनोरमा शेवटी हळू म्हणाली. "यंत्राला आमी दिसत न्हाव. तुला दिसत होतो."

"मी सगळ्यांची माफी मागतो. आत्ताच मागतो. तुम्ही बोलवा सगळ्यांना."

"न्हाय!" ती एकदम म्हणाली. पहिल्यांदाच तिचा आवाज चढला. "कुनाला काय बोलाचा न्हाय. मीच घरोघर जाऊन सांगला, चला चला, मॅनेजर मना बोलला तुमच्यासाठीच लावलाय. विठूबाबा चार महिने घराबाहेर पडला नव्हता. आता त्यांना सांगू, की मॅचसाठी हाकलला आपल्याला? मशीनच बिघडला. समजला? गावात मशीनच बिघडलेला राहील."

आपली लाज आपण सांगून हलकी करायला आलो, आणि आता खोटं बोलायचं काम हिच्या गळ्यात टाकून चाललो, हे त्याला त्या वाळूत उभ्या उभ्या कळलं.

"पुन्हा शो लावतो," तो म्हणाला. "पुढचा भांग कधी?"

उत्तर रसिकाने दिलं, तेही त्याच्याकडे न बघता. "अष्टमीला. येत्या नाही, त्याच्या पुढच्या सोमवारी."

पुढचे दिवस लोकेश त्याच मागे होता. उतरलेला सिनेमा पुन्हा लावायला हेड ऑफिसची परवानगी लागते आणि त्यासाठी कारण द्यावं लागतं. त्याने खरं कारण लिहिलं. रविवारी चौसष्ट माणसं आली होती, ॲडव्हान्स शून्य असलं तरी ती येणार हे मला माहीत होतं, मी त्यांना खोटं सांगून परत पाठवलं, आणि मागच्या वर्षीच्या अहवालातली किनाऱ्याच्या पट्ट्याची ओळ मी चौकशी न करता लिहिली होती.

सुरुची मॅडमनी लगेच फोन केला. "ये सब लिखने की क्या ज़रूरत थी? कोण विचारत होतं तुला?"

"कोणीच नाही."

"मग?"

"म्हणून कळलं नाही ना कोणाला, मॅडम."

त्या म्हणाल्या, "एक शो देते. सोमवार सकाळी दहा. पण हे मी वर लपवू शकत नाही, कळतंय ना तुला?" महिन्याभरात शो ठरवायचं काम त्याच्याकडून काढून वसईच्या मॅनेजरकडे दिलं गेलं. लोकेशने त्याबद्दल तक्रार केली नाही.

नीरजने सिनेमा पुन्हा मिळवून दिला. लोकेश छापील तिकिटं घेऊन आदल्या गुरुवारी पालीत गेला आणि रसिकाच्या हातात चौसष्ट तिकिटं मोजून दिली.

सोमवारी एकच मिनीबस आली. तीही अर्धी रिकामी होती. एकोणीस माणसं उतरली. लोकेश दारातच उभा होता. शेवटचा माणूस उतरेपर्यंत तो वाट बघत राहिला, आणि मग दुसरी बस मागून येत असेल म्हणून रस्त्याकडे बघत राहिला.

"नको बघू," रसिका त्याच्याजवळ येऊन म्हणाली. "एवढेच आहेत."

"कामं निघाली का?"

"कामं नाहीत. होड्या सगळ्या किनाऱ्यावर आहेत. बाप्ये म्हणाले, त्या मशीनचा काय भरवसा, मागच्यासारखं परत यावं लागेल. बायकांनी पण फुलं विकत घेतली नाहीत. विठूबाबांना आणायला दोघं गेले होते. ते बोलले, नको, बिघडलेल्या यंत्राला कशाला त्रास." तिने जरा थांबून सासूकडे बघितलं. "आणि या कोणाला सांगू शकत नव्हत्या की मशीन कधी बिघडलंच नव्हतं."

मनोरमा आली होती. साधं रोजचं लुगडं, केसांत काही नाही. तिने लोकेशकडे बघून मान हलवली आणि आत गेली.

सिनेमा सुरू झाला. लोकेश मागच्या भिंतीला टेकून उभा राहिला. आपल्या थिएटरात एखादा सिनेमा पहिल्यापासून शेवटपर्यंत त्याने कित्येक वर्षांत बघितला नव्हता. तासाभराने पडद्यावर तोच किनारा आला, त्याच वलांड्या, आणि त्यांच्यापुढे बसलेली मनोरमा. ती दोन वाक्यं बोलली. वाऱ्याबद्दल काहीतरी होतं. एकोणीस जणांनी मिळून होईल तेवढा कल्ला केला, एका बाईने शिट्टी वाजवली, पण एवढ्या खुर्च्यांमध्ये तो आवाज भरला नाही. मनोरमा पडद्याकडे बघत नव्हती. ती मान वळवून मागच्या रिकाम्या रांगा बघत होती. विठूबाबाची होडी पडद्यावर आली तेव्हा कुणीतरी म्हणालं, "बाबा पायजे होता."

शो संपल्यावर लोकेश त्यांच्याबरोबर खाली बसपर्यंत गेला. माणसं खूश होती. कुणाचं घर कसं दिसलं, कोण किती काळं दिसलं, यावर हसणं चाललं होतं. एका बाईने त्याचे हात हातात घेतले. "आज बरा चालला हा मशीन," ती म्हणाली. "देव तुझा भला करो."

मनोरमा खिडकीजवळ बसली होती. तिने ते ऐकलं.

लोकेश खिडकीशी जाऊन उभा राहिला. "मावशी," तो म्हणाला, "मी काय..."

"र्‍हाऊ दे," ती म्हणाली. रागाने नाही. "तू आलास, सांगलास, ता चांगला केलास. पन मी आता काय पन बोलली तरी तुला बरा वाटंल, आन मना तुला बरा वाटवायचा न्हाय. आज न्हाय."

"नका बोलू," लोकेश म्हणाला.

बस सुरू झाली. मागच्या सीटवरची पोरं त्याला हात हलवत होती, आणि त्यांना प्रतिसाद म्हणून हात वर करायचं त्याला धाडस झालं नाही. नंतर, बस वळणावरून दिसेनाशी झाल्यावर, खंडूमामांनी दारातून हाक मारली, साडेबाराच्या शोची माणसं यायला लागली होती, तेव्हा तो आत गेला.